लवंगेच्या पोटातलं तेल

चैत्र लागला की नाशिकमध्ये घरोघरी काळ्या मसाल्याची यादी निघते. धणे, जिरे, तीळ, खसखस, सुकं खोबरं, दगडफूल, नागकेशर, तमालपत्र, दालचिनी, मसाला वेलदोडा, शहाजिरे आणि लवंग. रविवार कारंजा, मेन रोड, भद्रकाली या भागातल्या किराणा दुकानांत त्या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते. बायका धणे डोळ्यांनी निवडतात, दगडफूल नाकाशी धरतात, खोबऱ्याची वाटी वाजवून बघतात. लवंग मात्र नखाने तपासायची असते.

एक लवंग उचलायची आणि देठाच्या जाड भागावर नख रोवायचं. दाबल्याबरोबर नखाच्या कडेला बारीक तेलकट ओल उमटली तर लवंग जिवंत. नुसतीच कोरडी भुकटी निघाली, तर तिचा अर्क आधीच कुणीतरी काढून घेतलेला आहे. माझ्या सासूबाई ओल दिसल्याशिवाय पुडी बांधू देत नाहीत. दुकानदार म्हणतो, "मावशी, माल कालच आला आहे, डोळे मिटून घ्या." सासूबाई डोळे मिटत नाहीत. लवंगेच्या टोकाला चार सुळक्यांचा काटा आणि त्यात बसलेला गोल मणी असतो. तो मणी जागेवर आहे का, हेही त्या बघतात.

घरी आल्यावर मी आणखी एक परीक्षा घेते. पाण्याच्या पेल्यात मूठभर लवंगा टाकायच्या. तेल शाबूत असलेली लवंग तळाशी जाते, निदान पाण्यात उभी तरी राहते. तेल काढून घेतलेली आडवी तरंगते. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने भेसळ ओळखण्याच्या घरगुती चाचण्यांमध्ये हीच चाचणी दिली आहे. ती चालते, कारण लवंगेचं तेल पाण्यापेक्षा जड असतं.

मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. वर्गात ही गोष्ट तोंडी सांगितली तर पोरं वहीत उतरवतात आणि विसरतात. म्हणून प्रयोगशाळेत लवंगा जाडसर कुटून चंबूत पाण्यासोबत उकळायच्या आणि वाफ थंड नळीतून बाहेर काढायची. पहिले थेंब दुधाळ दिसतात. थोड्या वेळाने परीक्षानळीच्या तळाशी फिकट पिवळे, तेलकट मणी गोळा व्हायला लागतात. तेल वर तरंगणार अशीच सगळ्यांची खात्री असते. ते खाली बसलेलं बघून मागच्या बाकावरची मुलंसुद्धा पुढे येतात.

या तेलातला मुख्य पदार्थ म्हणजे युजेनॉल. सुक्या लवंगेत वजनाच्या साधारण १५ ते २० टक्के तेल असतं आणि त्या तेलात ७० ते ९० टक्के युजेनॉल. बाकीच्यात त्याचाच एक भाऊबंद युजेनिल अॅसिटेट आणि कॅरिओफायलीन. युजेनॉलच्या रेणूत दहा कार्बन, बारा हायड्रोजन आणि दोन ऑक्सिजन. घनता १.०६. पाण्यात ते जेमतेम विरघळतं, तेलात आणि अल्कोहोलमध्ये मजेत. एकट्याला उकळायचं तर २५४ अंश सेल्सिअस लागतात, पण वाफेबरोबर ते शंभराच्या आतच बाहेर पडतं. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटरवर आहे, आपल्याकडे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं, आणि तेवढ्यावरही काम होतं. एकमेकांत न मिसळणारे दोन द्रव एकत्र तापवले की दोघांच्या वाफेचा दाब मिळून हवेच्या दाबाला गाठतो, त्यामुळे जड तेलाला स्वतःच्या उत्कलनबिंदूची वाट बघावी लागत नाही. हे समजून घेतलं की झाकण न ठेवता तासभर उकळलेल्या काढ्यात वास का उरत नाही, हेही कळतं. जे हवं होतं ते खोलीभर पसरलेलं असतं.

लवंग ही न उमललेली कळी आहे, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. आपल्या जांभळाच्याच कुळातलं हे झाड, दोघांची प्रजातीसुद्धा एकच, सिझिजियम. कळी हिरवी असते, मग गुलाबी-लाल होते, आणि उमलायच्या आत हाताने खुडून उन्हात वाळवली जाते. झाडाने या कळीत एवढं तेल साठवलं ते आपल्या मसाल्यासाठी नाही. बुरशी, जिवाणू, कुरतडणारे किडे यांच्यापासून फूल वाचवायला त्याने हा पहारा बसवला आहे. आपण तो पहाराच उचलून घरी आणला. मला लवंगेविषयी जी ओढ वाटते तिचं मूळ इथे आहे. ती सौम्य नाही, ती धारदार आहे, आणि आपल्या आज्या-पणज्यांनी ती धार ओळखून तिला बेताने वापरलं.

मसाला भाजताना तो बेत दिसतो. धणे किलोने, तीळ-खोबरं पाव-अर्ध्या किलोने, आणि लवंग तोळ्याच्या हिशोबात. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा. लवंग चमचाभर तेलात, मंद आचेवर, टम्म फुगेपर्यंत. फुगली की लगेच उतरवायची. इथे सासूबाई हातातलं काम सोडून कढईपाशी उभ्या राहतात, कारण लवंग फुगणं आणि जळणं यांत फार वेळ जात नाही. तेलात परतायचं कारण वर आलंच आहे. युजेनॉल तेलात उतरतं, तेलात टिकतं आणि पुढे रश्शावर जो तवंग येतो त्यातून थेट जिभेवर पोचतं. कोरडी भाजली तर त्यातलं बरंच घरातल्या हवेला मिळतं.

मग डंकावर रांग. डंकाच्या आसपास मिरचीचा खाट उठलेला असतो, लोक पदर आणि रुमाल नाकाला लावून बसलेले असतात. तिथे बसलेल्या बायकांना विचारा, मसाला वर्षभर टिकतो कसा? "खडा हिंग ठेवायचा वरून, बरणीला ओला हात लावायचा नाही," असं उत्तर येतं. दोन्ही खरं आहे, आणि त्यात लवंगेचाही वाटा आहे. काळ्या मसाल्यात खोबरं, तीळ, खसखस असे तेलकट जिन्नस भरपूर पडलेले असतात. ही तेलं हवेतल्या ऑक्सिजनने खवट होतात. खवटपणा साखळीने पुढे सरकतो. स्निग्ध पदार्थाचा एक रेणू बिघडून मुक्तमूलक बनतो, तो शेजारच्याला बिघडवतो, तो पुढच्याला. युजेनॉलच्या अंगावर ऑक्सिजनला चिकटलेला एक हायड्रोजन आहे, तो ते पटकन देऊन टाकतं. बिघडलेल्या रेणूला हायड्रोजन मिळाला की तो शांत होतो आणि साखळी तुटते. स्वतः युजेनॉल त्यानंतर पुढे फारशी खोडी काढत नाही. मसाल्यांमध्ये ऑक्सिडीकरण रोखण्याच्या बाबतीत लवंग अगदी पुढच्या रांगेत आहे.

हा एक हायड्रोजन लक्षात ठेवा, तो दाताच्या दवाखान्यात पुन्हा भेटणार आहे.

त्याआधी मिसळ. नाशिकच्या काळ्या मसाल्याच्या मिसळीचा पहिला घास घेतल्यावर जो जाळ होतो तो मिरचीतल्या कॅप्सेसिनचा. आपल्या मज्जातंतूंच्या टोकांवर उष्णता ओळखणारं एक प्रथिन असतं, कॅप्सेसिन ते उघडतं आणि मेंदूला वाटतं, भाजलं. गंमत अशी की युजेनॉलही त्याच प्रथिनाला हात लावतं. नुसती लवंग चावून बघा, आधी चांगलीच झोंबते. पण मग ती आणखी एक काम करते. मज्जातंतूतून वेदनेचा निरोप पुढे जायला सोडियमचे आयन आत यावे लागतात, त्या वाटाच युजेनॉल अडवतं. निरोप निघत नाही, जीभ बधिर होते. आधी चटका आणि मागून बधिरपणा, हा क्रम लवंगेचा. रश्शात ती इतकी थोडी असते की बधिरपणा जाणवत नाही, तिखटाच्या मागे एक उबदार, किंचित गोडसर वास तेवढा रेंगाळतो. ज्या रश्शात तो नाही, तो मला नुसता लाल तिखटाचा वाटतो, मग त्यावर तर्री कितीही असो.

दातदुखीला लवंग धरतात ती या बधिरपणासाठीच. लवंग तोंडात धरायची सवय फार जुनी. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात तोंड स्वच्छ आणि सुगंधी राहावं म्हणून जायफळ, लवंग, कंकोळ, विड्याचं पान, कापूर, वेलची तोंडात धरायला सांगितली आहे. पंचवटीत जेवणानंतर विडा येतो, त्याला टोचलेली लवंग याच रांगेतली. आणि चरकाच्या काळी ही लवंग समुद्रापलीकडून यायची. आजच्या इंडोनेशियातल्या मालुकू भागातली तर्नाते, तिदोरे आणि आसपासची मोजकी बेटं हे तिचं मूळ घर. त्या बेटांसाठी पोर्तुगीज आणि डच यांनी जे रक्त सांडलं त्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. डचांनी भाव टिकवायला हजारो झाडं तोडून टाकली. अखेर १७७० मध्ये पिएर प्वाव्ह्र या फ्रेंच अधिकाऱ्याच्या खटपटीने रोपं मॉरिशसला पोचली, तिथून पुढे झांझिबारला. भारतात ईस्ट इंडिया कंपनीने १८००च्या सुमाराला तामिळनाडूत कुर्तालमला लागवड केली. कन्याकुमारीच्या लवंगेला आज भौगोलिक मानांकन आहे.

आता दवाखाना. दंतवैद्याच्या दारात शिरताच जो एक वास येतो, मुलं ज्या वासाने आईचा हात घट्ट धरतात, तो बहुतेक वेळा युजेनॉलचाच असतो. गंगापूर रोडवरच्या आमच्या ओळखीच्या डॉक्टर ताईंनी मला एकदा ते मिश्रण करून दाखवलं. काचेच्या जाड पट्टीवर झिंक ऑक्साइडची पांढरी भुकटी, बाजूला युजेनॉलचे पिवळसर थेंब. पातळ सुरीने भुकटी थोडी थोडी थेंबात ओढत रगडायची. आधी पातळ लगदा होतो, मग कणीक मळावी तसा घट्ट गोळा. जस्ताचा एक अणू युजेनॉलचे दोन रेणू पकडून बसतो आणि गोळा हळूहळू दगडासारखा होतो. या क्रियेला ओलावा लागतो. काचेवर रेंगाळणारा गोळा तोंडात गेला की लाळेच्या ओलीने आणि अंगाच्या उबेने लवकर आवळतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून दातांचे डॉक्टर हे वापरत आले आहेत. तात्पुरतं भरण करायला, रूट कॅनालमध्ये पोकळी बुजवायला. दात बुजतो आणि सोबत ठणकाही शमतो.

"पण वरून पांढरं पक्कं भरण करायचं असेल तर मी हे खाली ठेवत नाही," ताई म्हणाल्या. मी कारण विचारायच्या आत माझ्या डोक्यात तो हायड्रोजन चमकला. दातासारखं दिसणारं हल्लीचं भरण म्हणजे एक रेझिन, निळ्या प्रकाशाने घट्ट होणारं. प्रकाश पडला की त्यात मुक्तमूलकं तयार होतात, रेणू एकमेकांना जोडत साखळी वाढत जाते आणि पदार्थ कडक होतो. तिथे युजेनॉल असेल तर ते आपल्या स्वभावाप्रमाणे हायड्रोजन देतं आणि साखळी तोडतं. रेझिन मऊ राहतं. म्हणजे आमच्या बरणीत मसाला खवट होऊ न देणारा गुण आणि दवाखान्यात भरण बिघडवणारा दोष ही एकच कृती आहे. एवढ्या वर्षांच्या शिकवण्यात मला याहून सुंदर उदाहरण मिळालेलं नाही. रेणूला आपलं हित-अहित माहीत नसतं, तो त्याला येतं तेच करतो. कुठे, किती आणि कशाच्या शेजारी ठेवायचा, हे आपण ठरवायचं.

म्हणूनच दोन वाक्यं ऐकली की मी गप्प बसू शकत नाही. एक, "हे केमिकल आहे, नको." दुसरं, "हे नैसर्गिक आहे, काय होणार?" लवंगेतलं युजेनॉल आणि कारखान्यात तयार केलेलं युजेनॉल यांच्या रेणूत तसूभर फरक नसतो. तुळशीच्या पानात, दालचिनीच्या पानात, थोडं जायफळातही तेच आहे. व्हॅनिलाचा वास देणारं व्हॅनिलिन एके काळी या लवंगेच्या युजेनॉलपासूनच करत, पुढे १९३०च्या दशकात कागद गिरण्यांच्या टाकाऊ द्रवातून ते स्वस्तात मिळू लागलं. आईस्क्रीमच्या वासामागे लवंग होती हे सांगितलं की ऐकणाऱ्याला खोटं वाटतं.

आणि नैसर्गिक म्हणून बेफिकीर राहणाऱ्यांसाठी थोडा हिशोब. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने युजेनॉलचं रोजचं स्वीकारार्ह प्रमाण शरीराच्या दर किलोला २.५ मिलिग्रॅमपर्यंत धरलं आहे. साठ किलोच्या माणसाला १५० मिलिग्रॅम. एका लवंगेचं वजन साधारण एक दशांश ग्रॅम, त्यात युजेनॉल दहा ते अठरा मिलिग्रॅमच्या आसपास. चहातली एक, भातातल्या चार, विड्यातली एक, काही बिघडत नाही. आता बाटलीतलं तेल घ्या. चहाच्या एका चमच्यात जवळजवळ चार ग्रॅम युजेनॉल, म्हणजे ४००० मिलिग्रॅम. दहा किलोच्या मुलाची मर्यादा २५. दीडशे पटींहून जास्त! लहान मुलांनी पाच-दहा मिलिलिटर लवंग तेल प्यायल्यावर बेशुद्धी, झटके आणि यकृताला गंभीर इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. तेलाची बाटली औषधाच्या कपाटात, वरच्या फळीवर, झाकण घट्ट लावून असायला हवी. ती मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवायची वस्तू नाही.

शेजारच्या एका मुलीने मोबाईलवर बघून हिरडीवर तेलाचा बोळा तसाच दाबून धरला होता. हिरडी पांढरी पडून सोलवटली. निखळ तेल ओल्या नाजूक त्वचेला भाजतं. दात दुखतोच आहे आणि रात्र काढायची आहे, तर सगळ्यात बरी ती अख्खी लवंग. दुखऱ्या दाताशी धरायची, हलकेच चावायची, चोथा थुंकून टाकायचा. तेलच वापरायचं तर एक थेंब खोबरेल किंवा तिळाच्या तेलात पातळ करून, कापसाच्या टोकाने, फक्त दातावर. लहानग्यांना तेही नाही. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. आणि सकाळी दवाखाना गाठायचाच. युजेनॉल वेदनेचा निरोप अडवतं, मुळाशी साठलेला पू काही काढत नाही. ठणका थांबला म्हणून आठवडा काढणारे लोक मी बघते तेव्हा जीव कळवळतो.

या रेणूचा आणखी एक उपयोग मला पेठ तालुक्यातल्या आमच्या नात्यातल्या भाऊंच्या आमराईत दिसला. झाडांच्या फांद्यांना प्लॅस्टिकचे छोटे डबे टांगले होते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेला रक्षक सापळा आणि त्याच जातीचे इतर सापळे आता आपल्या भागातही आंबा-पेरूला लावतात. आत मिथाइल युजेनॉलमध्ये भिजवलेली ठोकळी असते. फळमाशीचे नर त्या वासावर झेपावतात, कारण ते हा पदार्थ खाऊन त्यापासून मादीला भुलवणारा गंध तयार करतात. नर सापळ्यात संपले की माद्यांचं मीलन होत नाही आणि फळाच्या सालीखाली घातलेल्या अंड्यांतून अळ्या निघायचं प्रमाण घटतं. आंब्यावर फवारा मारण्याची गरज त्यामुळे बरीच कमी होते. याची सुरुवात आपल्याच देशात झाली आहे. बिहारमधल्या पुसा इथल्या कृषी संशोधन संस्थेत एफ. एम. हाउलेट यांनी १९१२ ते १९१५ या काळात या माश्या कशाला भुलतात याचा शोध घेतला, त्यातून मिथाइल युजेनॉल पुढे आलं.

डबा हातात घेऊन भाऊंनी विचारलं, "वहिनी, तुमच्या मसाल्याची लवंग कुटून टांगली तर चालणार नाही का? खर्च वाचेल."

चांगला प्रश्न होता. जमिनीवर काडीने रेणू काढून मी त्यांना दाखवला. युजेनॉलच्या ज्या ऑक्सिजनवर तो देऊन टाकायचा हायड्रोजन बसलेला असतो, तिथे मिथाइल युजेनॉलमध्ये एक कार्बन आणि तीन हायड्रोजनचा गट असतो. रेणूत एका कार्बनची भर, बाकी सांगाडा तोच. नर माशीला हवा असतो तो हा दुसरा रेणू, आणि लवंगेत तो अगदी थोडा. तुळशीच्या काही प्रकारांत मात्र बऱ्यापैकी असतो, म्हणून तुळशीवर कधी कधी माश्या घोंगावताना दिसतात. याच एका बदलाने दुसरीही गोष्ट बदलते. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने युजेनॉलला तिसऱ्या गटात, म्हणजे ठरवण्याइतका पुरावा नाही अशा पदार्थांत ठेवलं आहे, तर मिथाइल युजेनॉल २०२३ मध्ये 'बहुधा कर्करोगकारक' गटात गेलं. ठोकळी बदलताना हातमोजे घालायचे, नंतर साबणाने हात धुवायचे, रिकामी बाटली घरात आणायची नाही, हे मी त्यांना दोनदा सांगितलं.

"आणि सापळे लावायचे कधी? पाड लागल्यावर?"

"त्याच्या बरंच आधी. फळ अजून कडक असतानाच. माशीने सालीखाली अंडी घातल्यावर सापळा काय करणार?"

भाऊंनी मोजे आणायला पोराला गाडीवर पेठला पाठवलं आणि आम्ही उरलेले डबे खालच्या रांगेतल्या केशरला बांधायला लागलो.